पॅड की पार्किंग?

पिल्लू घरी येणार म्हटलं की नावावरून आठवडाभर चर्चा रंगते. सिंबा की ब्रुनो? त्यानं शू कुठे करायची, यावर मात्र कुणी पाच मिनिटंही बोलत नाही. मग पहिल्याच रात्री हॉलमधल्या गालिच्यावर तळं साचतं आणि घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, 'पॅड आणा.' दुसरी म्हणते, 'उचला आणि खाली न्या!'

पिंपरी-चिंचवडमध्ये हा वाद जरा जास्तच पेटतो, कारण आपलं घड्याळ. घर वाकड नाहीतर पिंपळे सौदागरला, नोकरी चाकणला. आठ तासांची शिफ्ट, वर नाशिक फाटा, भोसरी, मोशी असं रखडत जाणारी कंपनीची बस. सकाळी लावलेलं कुलूप उघडतं ते थेट दहा-अकरा तासांनी.

आता पिल्लाचं गणित बघा. वयाच्या महिन्यांत एक मिळवा, साधारण तेवढे तास ते कळ काढू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम तीन तास. झोपून उठलं, जेवलं, खेळलं की लगेच शू, हा हिशेब वेगळाच. फर्स्ट शिफ्टवाल्यानं एकट्यानं 'फक्त बाहेरच' असा हट्ट धरला, तर तो पिल्लाला झेपणारा नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे, पार्व्हो. लसीचा कोर्स सहा ते आठ आठवड्यांचं असताना सुरू होतो आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतो. तोवर गेटबाहेरचा मोकळा प्लॉट म्हणजे जुगार. हा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. उलट्या, रक्ताचे जुलाब सुरू झाले आणि उपचारांना उशीर झाला, तर पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं. म्हणून कोर्स पूर्ण होईपर्यंत माझं मत पॅडला. हां, त्याला घरात डांबू नका. कडेवर घेऊन खाली न्या, हॉर्न ऐकू द्या, वॉचमनकाकांशी ओळख करून द्या. याच वयात जग बघितलं नाही, तर पुढे ते प्रत्येक रिक्षाला घाबरतं.

पॅडची खोड मात्र वेगळीच. पिल्लू जागेइतकंच पायाखालचा स्पर्श लक्षात ठेवतं. आज मऊ पॅड, उद्या पायपुसणं, परवा तुमची नवीन बेडशीट! काही महाशय तर तासभर बागेत हुंदडतात आणि घरी येऊन पॅडवर मोकळे होतात. यावर उपाय म्हणजे पॅड पहिल्या दिवसापासून ड्राय बाल्कनीत, एकाच कोपऱ्यात ठेवा आणि आजूबाजूची पायपुसणी काही महिने उचलून टाका. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की वापरलेल्या पॅडचा तुकडा खाली नेऊन गवतावर ठेवा. वास ओळखीचा वाटला की काम फत्ते. शाबासकी आणि खाऊ तिथल्या तिथे द्या. लिफ्टमध्ये दिलात, तर त्याला वाटेल लिफ्टमध्ये चढल्याचंच बक्षीस आहे.

नाक घासणं, पेपरनं मारणं हे जुने फंडे विसरा. त्यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करायची नाही, सोफ्यामागे करायची. आणि फिनेलनं वास जातो तो आपल्यापुरता, त्याच्या नाकाला पत्ता लागतोच. एन्झाइमवाला क्लीनर वापरा.

खाली गेलात की सोसायटी आलीच. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं 2015 मध्येच मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट केलंय. पण शेजाऱ्याच्या गाडीच्या टायरवर रोज अभिषेक झाला, तर कुठलंही पत्रक कामाला येणार नाही. पिशवी खिशात ठेवा. पॅड डायपरसारखाच कागदात गुंडाळून वेगळा द्या, ओल्या कचऱ्यात नको.

दुपारी घरी आई-बाबा नाहीत, मावशी नाही, शेजारीही नाही? मग दोन महिन्यांचं पिल्लू आणूच नका. दीड-दोन वर्षांचा देशी कुत्रा दत्तक घ्या. लसीकरण झालेलं, कळ काढता येणारी. त्यालाही दहा तास म्हणजे लांबच, तेव्हा दुपारच्या एका फेरीसाठी माणूस ठरवा.

आणि पॅडचं उरलेलं पाकीट फेकू नका. जुलैच्या धो-धो पावसात गेटपर्यंतही न येणारे बहाद्दर पुष्कळ असतात.