मानांकनानंतरचा पांढरा कांदा

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचा उल्लेख १८८३च्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये आहे. कोकण कृषी विद्यापीठ आणि कृषी विभागाने २०१९मध्ये भौगोलिक मानांकनाचा प्रस्ताव दिला आणि पुढे ते मिळाले. पण कमाई नुसत्या शिक्क्यातून होत नाही. भातकापणीनंतर त्याच खाचरात लागवड, स्वतः राखलेलं बियाणं, सुकलेल्या पातीला पीळ देत विणलेली घट्ट माळ: अलिबाग तालुक्यातल्या कार्ले, खंडाळे या गावांतल्या घरांचं खरं भांडवल हे. रस्त्याकडेला थेट विक्री करण्याची धडाडी त्याला जोडली, की दलालाचा वाटा घरात राहतो. मात्र परगावचा पांढरा कांदाही ‘अलिबागचा’ म्हणून खपवला जातो. तेव्हा घेताना गाव विचारा आणि शक्यतो शेतकऱ्याकडूनच माळ घ्या.