रजेतला कावा

'कावा' हा शब्द आज आपण 'गनिमी'ला जोडूनच वापरतो. पण घोड्याला लांब दोरावर किंवा लगामावर गोल फिरवण्याच्या तालमीलाही जुन्या मराठीत कावाच म्हणत. कावा देणे म्हणजे घोड्याला वर्तुळात फेरणे. अमरकोशात घोड्याच्या पाच गती आहेत आणि कौटिल्याच्या अश्वाध्यक्ष प्रकरणात गोल फिरण्याच्या चालींचा वेगळा विचार आहे. तेव्हा युरोपात 'द्रेसाज' म्हणून रूढ झालेली विद्या आपल्याला अगदीच परकी नाही.

गेल्या हिवाळ्यात मी कचेरीतून आठ दिवसांची रजा काढली ती याच तालमीसाठी. एरवी आठवड्यातून दोनदा, पहाटे. घोडा क्लबचा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे आणि बारगिराचा सरकारी; त्या हिशेबाने आम्ही सगळे बारगीरच. रजेत सकाळ-संध्याकाळ बसायचे आणि वर्षभराची कसर भरून काढायची, असा बेत होता.

तालमीचे मैदान साठ किंवा चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असते. कडेला ठरावीक अंतरावर रोमन अक्षरे लावलेली असतात. पहिला धडा वीस मीटर व्यासाच्या वर्तुळाचा. ऐकायला सोपा, पण मोठ्या मैदानात 'ए'कडच्या टोकाला काढलेले वर्तुळ लांब भिंतीला जिथे टेकते, तिथे एकही अक्षर नसते. कोपऱ्यापासून 'के' सहा मीटरवर, 'व्ही' अठरावर आणि टेकण्याचा बिंदू दहावर. नजर आपोआप अक्षराकडे जाते आणि वर्तुळाचे अंडे होते. घोडाही वाकायला तयार नसतो. माणूस डावरा-उजवा असतो तसा तोही एका अंगाला सैल आणि दुसऱ्या अंगाला ताठ असतो. शिवाय उभ्या घोड्याचे निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असते. त्यात स्वाराची भर. ते हळूहळू मागच्या पायांकडे न्यायचे, हे या साऱ्या तालमीचे गमक.

त्यासाठीची युक्ती फ्रान्समधल्या ला गेरिनिएर याने 1733 च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडली. त्याआधी इंग्लंडचा ड्यूक ऑफ न्यूकॅसल घोड्याला वर्तुळात डोके आत घेऊन फिरवत असे. त्याने खांदे मोकळे होतात, हे गेरिनिएरला मान्य होते. पण वजन पुढेच पडते, हा त्याचा आक्षेप. म्हणून त्याने हा व्यायाम सरळ भिंतीलगत आणला. घोडा भिंतीच्या कडेने पुढे जातो, पण त्याचे खांदे किंचित आत वळलेले असतात. त्यामुळे आतल्या बाजूचा मागचा पाय पोटाखाली, वजनाच्या दिशेने पडतो. समोरून पाहिले तर चार पायांच्या तीनच रेषा दिसतात. 'खांदा आत' एवढेच त्याचे नाव. ज्या घोड्याला तो नीट जमतो, त्याला पुढचे बरेच काही जमते.

मला मात्र पुढचे बरेच काही आठ दिवसांतच हवे होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तंग आवळताना घोडा मोतद्दाराला चावायला वळला. मैदानात कान मागे, शेपटीचे फटकारे, आणि डाव्या हाताला वळायला साफ नकार. मी टाच मारली. कडेला उभ्या असलेल्या निवृत्त रिसालदारसाहेबांनी मला खाली उतरवले. म्हणाले, "रजा तुमची आहे साहेब, त्याची नाही. तुम्ही त्याला दिवसभर बैठका मारायला लावताय."

उपमा चपखल होती. मागच्या पायांवर वजन घेऊन चालणे म्हणजे माणसाने गुडघे वाकवून चालण्यासारखे. स्नायू दमले की घोडा ते काम पाठ ताठ करून निभावून नेतो आणि स्वार त्याला हट्टी ठरवतो. जबरदस्तीने केलेल्या हालचालीत समजही नसते आणि सौंदर्यही नसते, चाबकाने नाचवलेल्या नर्तकात नसते तसेच, हे ग्रीक झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच लिहून ठेवले होते. मी ते वाचलेही होते. वाचलेले टाचेपर्यंत पोहोचले नव्हते, एवढेच.

नोकरी सांभाळून ही विद्या करणाऱ्यांना एका गोष्टीचे अप्रूप वाटते. 1912 ला ऑलिंपिकमध्ये द्रेसाज आले, पण कित्येक वर्षे तिथे लष्करी अधिकारी आणि 'सभ्य गृहस्थ' यांनाच प्रवेश होता. 1948 चे सांघिक सुवर्ण स्वीडनकडून पुढच्या वर्षी काढून घेतले गेले, कारण गेनेल पेर्सन हा स्वार मुळात सार्जंट होता; स्पर्धेपुरता त्याला अधिकाऱ्याचा हुद्दा दिला होता. 1952 ला हेलसिंकीत नियम बदलला, स्त्रियांनाही वाट मिळाली, आणि पोलिओने गुडघ्याखाली पाय लुळे पडलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्य जिंकले. पेर्सनने त्याच वर्षी सांघिक सुवर्ण पुन्हा मिळवले. आपल्या चार तरुण स्वारांनी 2023 ला हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण आणले, ते घोडेस्वारीतले एक्केचाळीस वर्षांनंतरचे.

चौथ्या दिवशी घोड्याला सुटी दिली आणि त्याच्यासोबत नुसता पायी फिरलो. पाचव्यापासून दिवसातून एकदाच, चाळीस मिनिटे. त्यातली पहिली दहा लांब लगामावर कदमचाल, मग दोन्ही हातांना वर्तुळे, मधूनच दुडकी, आणि 'खांदा आत' फक्त लांब भिंतीच्या अर्ध्या अंतरापर्यंत. चार पावले बरी पडली की लगाम सैल सोडायचा.

आठव्या दिवशी डाव्या हाताला सहा पावले नीट पडली. सातव्याला त्याने नाकातून मोठा फुरफुराट केला आणि मान खाली सोडली. मी लगाम सोडून दिला. घाम पुसायला मोतद्दार फडके घेऊन आला, तेव्हा घोड्याचे कान पुढे होते.