कारण : गावी गेला

लहानपणीचा एखादा सुटलेला मित्र आठवा म्हटले, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चटकन एक चेहरा येतो. आता त्याचे पूर्ण नाव सांगा, वडिलांचे सांगा, गाव-तालुका सांगा. इथे आपण अडखळतो. मीही अडखळलो, आणि तेव्हा मला माझीच लाज वाटली.

मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली. कामगारांचे आणि वारसांचे अर्ज जवळजवळ दीड लाख, आणि घरे सात हजारांच्या आतबाहेर. यादीत मी माझ्या वडिलांचे नाव शोधले. नव्हते. मग वाटले, निदान बाळ्याचे वडील तरी असतील. यादीवर बोट ठेवले आणि तसाच थांबलो. कारण त्यांचे नाव मला माहीतच नव्हते. साऱ्या चाळीचे ते अण्णा. आणि बाळ्या तरी कोण? कोकणात दर तिसऱ्या घरात एक बाळ्या असतो.

लालबागच्या चाळीत आमची खोली आणि त्यांची खोली समोरासमोर. बाळ्याला प्रत्येक गिरणीचा भोंगा आवाजावरून ओळखता यायचा. अण्णा साचेखात्यात होते. साच्यांच्या खडखडाटाने त्यांना ऐकू कमी यायचे, म्हणून त्यांच्या घरात सगळेच मोठ्याने बोलत. दुपारपाळीहून ते रात्री परतले की भुवयांवर कापसाची पांढरी लव असायची. काकी आमच्यासाठी आंबोळ्या झाकून ठेवायच्या. हे सगळे मला आज दिसते. पण यातले काहीही कुठल्या अर्जात भरता येत नाही.

असे का होते? १९७५ साली अमेरिकेत हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. सतरा ते चौऱ्याहत्तर वर्षे वयाच्या ३९२ माणसांची त्यांच्या शाळासोबत्यांबद्दल परीक्षा घेतली. नुसते आठवून नावे सांगा म्हटल्यावर वर्षे उलटतील तशी मोठी गळती दिसली. पण परक्या चेहऱ्यांत मिसळलेली छायाचित्रे दाखवून ‘यातला तुमच्या वर्गातला कोण?’ असे विचारले, तेव्हा शाळा सोडून तीसपस्तीस वर्षे झालेल्यांनीही दहापैकी सुमारे नऊ चेहरे ओळखले. म्हणजे समोर आलेले ओळखणे निराळे आणि काहीच समोर नसताना आतून काढणे निराळे. नावांचे तर आणखी कठीण. ‘साचेवाला’ म्हटले की आवाज, कापूस, रात्रीचे जेवण अशा दहा गोष्टी त्याला धरून येतात. नुसत्या नाव-आडनावाला धरून काहीच येत नाही. अण्णांचे नाव मी विसरलो, असे म्हणणेही खरे नाही. ते कधी कानावरच पडले नव्हते.

इथवर विज्ञान माझ्या मदतीला येते. पुढे येत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार. भोंगे गप्प झाले. आधी गंमत वाटली, मग वाण्याची उधारी बंद झाली, मग घरातली भांडी कमी होऊ लागली. कित्येक कुटुंबे गावची वाट धरू लागली. वर्ष उलटले तेव्हा, १९८३ च्या जानेवारीत, माझे वडील कामावर गेले. घरात आम्ही तीन भावंडे, आजीचे औषधपाणी. अण्णा गेले नाहीत. काकींनी दार लोटून घेतले, आणि बाळ्या व मी एकाच गॅलरीत दोन टोकांना उभे राहू लागलो. मला वडिलांची लाज वाटत होती, की बाळ्याचा राग येत होता, आजही नीट सांगता येत नाही.

ते लोक गेल्यावर काही महिन्यांनी त्याचे एक आंतरदेशीय पत्र आले होते. मी उत्तर दिले नाही. पुढे ते पत्र कुठे गेले, कळले नाही. ‘मग काय, संपर्क तुटला’ असे मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. आपली भाषाही सोयीची. तुटला म्हटले की तोडणारा कोणी लागत नाही.

मध्यंतरी एका कामासाठी मला माझ्या शाळेच्या दाखल्याची दुय्यम प्रत हवी होती. महापालिकेची शाळा, जनरल रजिस्टर जपून ठेवलेले. त्यात नावे प्रवेशाच्या क्रमाने असतात. १९७६ च्या जूनमध्ये आम्हा दोघांना शाळेत घालायला अण्णाच घेऊन गेले होते, माझे वडील तेव्हा दिवसपाळीला होते. त्यामुळे माझ्या नावाच्या लगेच खाली बाळ्याचे नाव निघाले. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. जन्मस्थळ : गाव, तालुका, जिल्हा. शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचे कारण : गावी गेला. आणि तारीख २१ फेब्रुवारी १९८३.

त्या तारखेशी मी थबकलो. माझ्या आठवणीत बाळ्या मे महिन्याच्या सुट्टीत गेला होता, सातवीची परीक्षा देऊन, परळ डेपोतून रात्रीच्या एसटीने. मी त्याला हात केला होता, असेही मला आठवते. आठवण जशीच्या तशी ठेवलेली नसते, दर वेळी माणूस ती नव्याने जुळवतो, असे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच दाखवले होते. मी बाळ्याला मनातल्या मनात परीक्षेला बसवले होते. प्रत्यक्षात माझे वडील कामावर गेले त्यानंतर महिनाभरात तो शाळेतून उठला. एसटीचा तो हात केव्हाचा, कोणाला केलेला, देव जाणे.

आता नाव आहे, गाव आहे. पिनकोडही मिळाला; शेवटच्या तीन आकड्यांवरून पत्र वाटणारे पोस्ट कळते. पण वाडी माहीत नाही. पत्र लिहायला बसलो, तर पहिल्याच ओळीला अडलो, त्याला ‘तू’ लिहू की ‘तुम्ही’? दोन कागद फाडले. शेवटी ‘तू’ लिहिले आणि जानेवारीतली गोष्ट लिहिली, उत्तर न दिल्याची लिहिली. पत्त्यात घरासाठी जागा रिकामी राहत होती, तिथे लिहिले : मुंबईला गिरणीत साच्यावर असलेल्या अण्णांचे घर.

पत्र टाकून पाच आठवडे झाले. उत्तर नाही. पण ते परतही आलेले नाही.