शस्त्र नाकारण्याचा अधिकार

जर्मनीत 1 जानेवारी 2026 पासून अमलात आलेल्या नव्या लष्करी सेवा कायद्याची चर्चा आतापर्यंत मुख्यतः आकड्यांभोवती फिरत राहिली आहे. सुमारे 1,80,000 सैनिकांचे खडे सैन्य 2035 पर्यंत 2,60,000 वर नेण्याचे संरक्षणमंत्री बोरिस पिस्टोरियस यांचे उद्दिष्ट आहे, आणि त्यासाठी 2008 मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला अठराव्या वर्षी एक प्रश्नावली पाठवली जात असून मुलांना तिचे उत्तर देणे बंधनकारक, तर मुलींना ऐच्छिक आहे. सेवा तूर्त स्वेच्छेची असली, तरी पुरेसे तरुण पुढे न आल्यास संसद स्वतंत्र कायदा करून सक्ती आणू शकेल आणि अखेरचा उपाय म्हणून सोडतही काढता येईल. या तपशिलांच्या गर्दीत एक जुने घटनात्मक कलम मात्र झाकोळले गेले आहे, आणि खरी कसोटी त्याचीच लागणार आहे.

1949 च्या जर्मन राज्यघटनेतील चौथ्या कलमाचा तिसरा खंड सांगतो, की कोणालाही त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध सशस्त्र युद्धसेवेची सक्ती करता येणार नाही. हे लिहिले गेले तेव्हा पश्चिम जर्मनीकडे सैन्यच नव्हते. ते 1955 मध्ये उभे राहिले आणि सक्तीच्या भरतीचा कायदा 1956 मध्ये झाला. सैन्याआधी सैन्य नाकारण्याचा अधिकार जन्माला आला, त्यामागे नाझी राजवटीतील लष्करी न्यायालयांचा इतिहास होता. या न्यायालयांनी सुमारे 30,000 जणांना देहदंड सुनावला आणि त्यांतील फार मोठ्या संख्येने शिक्षा प्रत्यक्ष अमलात आल्या. उलट, संपूर्ण दुसऱ्या महायुद्धात पलायनाच्या गुन्ह्यासाठी अमेरिकेने आपल्या एकाच सैनिकाला, एडी स्लोविकला, जानेवारी 1945 मध्ये गोळ्या घातल्या.

या इतिहासाचा सर्वांत चिकाटीचा साक्षीदार म्हणजे लुडविग बाउमान. हॅम्बुर्गमध्ये 1921 साली जन्मलेल्या या नौसैनिकाने जून 1942 मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथून एका सोबत्यासह पळ काढला, परंतु दोघे पकडले गेले आणि बाउमान यांना मृत्युदंड झाला. काही आठवड्यांतच ही शिक्षा बारा वर्षांच्या सक्तमजुरीत बदलली गेली होती. मात्र ते त्यांना कळवण्यातच आले नाही, आणि उद्या आपल्याला नेतील या धास्तीत त्यांना सुमारे दहा महिने मृत्युकोठडीत काढावे लागले. पुढे छळछावणी, टोरगाऊचा लष्करी तुरुंग आणि पूर्व आघाडीवर पाठवली जाणारी शिक्षेची तुकडी यांतून ते जिवंत परतले, तेव्हा त्यांच्या वाट्याला ‘भेकड’ आणि ‘देशद्रोही’ ही दूषणे आली. युद्ध गुन्हेगारी स्वरूपाचे होते हे मान्य करणारा समाज त्या युद्धातून निघून गेलेल्याला मात्र अनेक दशके गुन्हेगार मानत राहिला, ही विसंगती बाउमान यांनी 1990 मध्ये पीडितांची संघटना स्थापून देशापुढे मांडली. 1998 च्या कायद्याने नाझी न्यायालयांचे अनेक निकाल रद्द केले, पण पलायन करणाऱ्यांना सरसकट दोषमुक्ती मिळण्यास 2002 साल उजाडावे लागले. बाउमान 2018 मध्ये निवर्तले.

अधिकार कागदावर असणे आणि तो वापरता येणे यांतले अंतर पश्चिम जर्मनीच्या अनुभवातूनही दिसते. नकार देणाऱ्या तरुणाला दीर्घकाळ एका समितीपुढे उभे राहून आपली सदसद्विवेकबुद्धी ‘सिद्ध’ करावी लागे. तुमच्या मैत्रिणीवर हल्ला झाला आणि हातात बंदूक असेल तर काय कराल, हा तिथला ठरलेला प्रश्न. केवळ लेखी निवेदनावर नकार मान्य करणारी 1977 ची सुधारणा घटना न्यायालयाने पुढच्याच वर्षी रद्द केली, आणि तोंडी चौकशीतून बहुतेकांची सुटका 1984 पासूनच झाली. लष्कराऐवजी रुग्णालये, वृद्धाश्रम, अपंगांच्या संस्था यांत काम करण्याची नागरी सेवा 1961 मध्ये सुरू झाली होती. 2000 च्या सुमारास वर्षाला एक लाखाहून अधिक तरुण ती करत होते. पूर्व जर्मनीत अशी नागरी सेवा नव्हतीच; तिथे 1964 पासून शस्त्र नाकारणाऱ्यांना खांद्यावर फावड्याचे चिन्ह असलेला गणवेश घालून सैन्याच्याच बांधकाम तुकड्यांत राबावे लागे. 2011 मध्ये शांतताकाळातील सक्तीची भरती स्थगित झाली, रद्द नव्हे.

नकाराच्या अधिकारावरचा गंभीर आक्षेप युक्रेनने पुढे आणला आहे: आक्रमण झालेल्या देशाने लढणाऱ्यांची वाट पाहावी काय? तिथे घटनेत पर्यायी सेवेची तरतूद असूनही युद्धकाळात ती उपलब्ध नाही. जानेवारी 2025 मध्ये जर्मनीच्या संघीय न्यायालयाने तर असा निर्णय दिला, की बेकायदा आक्रमणाला तोंड देणाऱ्या देशात विवेकाधारित नकाराला संरक्षण नसले, तरी तेवढ्यावरून तेथील नागरिकाचे प्रत्यार्पण रोखता येत नाही. संरक्षणाची निकड खरी आहे. पण अधिकाराची गरज युद्धकाळातच असते, आणि त्याच वेळी तो मागे घेतला गेला तर शांततेत दिलेल्या आश्वासनाला काही अर्थ उरत नाही.

भारतात सक्तीची भरती नाही, तथापि घटनेच्या कलम 23 चा दुसरा खंड सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीच्या सेवेला मुभा देतो, आणि कलम 25 सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देत असले, तरी शस्त्र नाकारण्याचा उल्लेख त्यात कुठेही नाही. म्हणून जर्मनीतील वाद इथल्या वाचकाला परका ठरत नाही. सेवेचे वेतन आणि सवलती जितक्या ठळकपणे तरुणांना सांगितल्या जातात, तितक्याच ठळकपणे नकाराचा मार्गही शाळेत आणि भरती कार्यालयात सांगितला गेला पाहिजे. नाही म्हणण्याची मोकळीक असताना दिलेला होकारच राज्यसंस्थेला नागरिकाची संमती म्हणून मोजता येतो. इतर सर्व होकार केवळ हजेरी ठरतात.