जड स्वार आणि चिखलाची वाट

गणपती आणि उंदीर यांची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. मोदकांचे भोजन आटोपून गजानन उंदरावर बसून निघाले, वाटेत उंदीर अडखळला, देव खाली पडले आणि ते पाहून चंद्र हसला. पुढे चंद्राला शाप मिळाला, तो भागही आपणांस ठाऊक आहे. परंतु मुळात वाहनाची निवड बरोबर होती काय, हा प्रश्न त्या गोष्टीत कोणीच विचारीत नाही. आज मला तो विचारावयाचा आहे.

माझे एक स्नेही चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीच्या बाजूस वडिलोपार्जित भातशेती राखून आहेत. राहतात नागपुरास. त्यांचे वजन १४० किलो आहे. हा आकडा त्यांनीच मला मोकळेपणाने सांगितला आणि तो सांगण्यास त्यांची हरकत नाही. तीन पावसाळ्यांपूर्वी गावाकडून शेतघराकडे जाताना मोटारसायकल चिखलात घसरली व ते पडले. मार फारसा लागला नाही. परंतु उचलावयास आलेले दोन गडी तोंड फिरवून हसले, ते त्यांच्या जिव्हारी लागले. त्यानंतर दोन वर्षे रोवणीच्या दिवसांत त्यांनी शेताचे तोंड पाहिले नाही. मग कोठेतरी त्यांनी फुगीर टायरांच्या चार चाकांवर धावणारी ती गाडी पाहिली, जिला लोक एटीव्ही अथवा क्वॉड बाईक म्हणतात, आणि मला विचारले, "ही मला झेपेल का?" मी म्हणालो, प्रश्न उलटा विचारा, तुम्ही तिला झेपाल का?

या गाडीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक इशारा आहे. १९७० साली होंडा कंपनीने तीन चाकांची अशी गाडी विकावयास काढली. ती हलकी होती, मजेची होती, आणि वळताना उलटत असे. अपघात इतके वाढले की, १९८८ साली अमेरिकेत सरकार व उत्पादक यांच्यात करार होऊन तीनचाकींची विक्री तेथे बंद झाली. त्या आधीच काही वर्षे चार चाकांची गाडी आली होती. तीच आजची एटीव्ही. चौथ्या चाकाने स्थैर्य वाढले खरे. परंतु घोड्याप्रमाणे मांड टाकून, उंचावर बसावयाची रीत तशीच राहिली. जड स्वाराची अडचण सारी या बैठकीत आहे.

दुकानात गेल्यावर पहिली चौकशी बहुधा होते ती इंजिनाच्या शक्तीची. ती पहिली करू नये. आजच्या बहुतेक इंजिनांना १४० किलोंचा माणूस ओढणे मुळीच जड नाही. पहिली चौकशी करावी ती भारमर्यादेची. ती गाडीवरील पट्टीवर व पुस्तिकेत छापलेली असते. मध्यम आकाराच्या, मोठ्या माणसांसाठी केलेल्या एटीव्हीची मर्यादा साधारणतः २०० ते २६० किलो असते. लहान गाड्यांची त्याहून पुष्कळ कमी. आणि या आकड्यात केवळ स्वार नव्हे, तर शिरस्त्राण, बूट, पाण्याचा कॅन, हत्यारांची पेटी, मागून बसविलेले लोखंडी गज, ट्रेलर जोडला असल्यास त्याच्या दांडीचा भार, हे सर्व येते. विक्रेता हे आपण होऊन सांगत नाही.

आमच्या स्नेह्यांचा हिशेब असा झाला. गाडीची मर्यादा २२० किलो. स्वार १४०, अंगावरचे कपडे, बूट व शिरस्त्राण ५, सामान १५, एकूण १६०. उरले ६०. म्हणजे धानाचे ४० किलोंचे पोते मागे टाकता येईल, असे त्यांना वाटले. परंतु माझा स्वतःचा नियम असा की, खराब वाटेवर मर्यादेचा पाचवा हिस्सा हाती राखावा. तो राखला तर २२० चे १७६ झाले. पोते गेले, शिल्लक अवघी १६ किलो. आणि मागे दुसरा माणूस बसविण्याचा तर प्रश्नच नाही. एका स्वारासाठी केलेल्या एटीव्हीवर दुसऱ्यास बसविणे धोक्याचे असते, मग तो कितीही सडपातळ असो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे 'डबलसीट' हा जणू जन्मसिद्ध हक्क आहे.

हे आकडे ऐकून निराश होणाऱ्यांस एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धातील प्रसिद्ध जीपगाडी अमेरिकन लष्कराच्या दप्तरी 'पाव टनी' म्हणून नोंदली होती. म्हणजे आडवाटेवर तिने न्यावयाचा भारही सुमारे २२७ किलो इतकाच धरलेला होता. मात्र जीप स्वतः एक टनाच्या घरातली, आणि एटीव्ही तीनसव्वातीनशे किलोंची. म्हणून तोच माणूस जीपमध्ये बसला तर गाडीचा तोल फारसा बदलत नाही, आणि एटीव्हीवर बसला तर बदलतो.

तोलाची ही गोष्ट बैलगाडी हाकणाऱ्याला शिकवावी लागत नाही. रेंगी असो वा खाचर, ओझे पुढे सरकले तर गाडी धुरेवर जड होऊन बैलांची मान दबते. मागे सरकले तर ती उलाळते. एटीव्हीवर आणखी एक दिशा येते, ती वरची. मी एक ढोबळ गणित करून पाहिले. गाडी ३२० किलोंची, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरांवर, स्वाराचा ११० वर, आणि दोन्ही बाजूंच्या चाकांमधील अंतर ९६ सेंटिमीटर धरले. ७० किलोंचा स्वार असता ती उभी गाडी सुमारे ३८ अंश कलेपर्यंत पडत नाही. १४० किलोंचा असता ३५ अंशांवर पडते. फरक थोडाच आहे. परंतु तोच १४० किलोंचा माणूस १८० किलोंच्या, ८० सेंटिमीटर अंतराच्या लहान गाडीवर बसविला की, हा कोन ३० अंशांच्याही खाली येतो. हे सारे गाडी उभी असताना, कठीण जमिनीवर. चालत्या गाडीत, टायर दबलेले असताना आणि एक चाक खड्ड्यात असताना खरा कोन याहून पुष्कळ कमी. पंधरा ते पंचवीस अंशांपलीकडच्या चढावर जाऊ नये, अशी ताकीद उत्पादकांच्या पुस्तिकांत असते ती यामुळेच. शिवाय हलका स्वार चढावर अंग पुढे व उतारावर मागे झोकून गाडी सावरतो. जड माणसाला ते तितक्या चपळाईने साधत नाही. आणि साधले नाही तर तीनशे किलोंचे लोखंड अंगावर येते.

आपला प्रदेश सपाट आहे, येथे एवढा उतार कोठला, असे कोणी म्हणेल. मामा तलावाच्या पाळीवर एकदा गाडी आडवी घालून पाहावी. किंवा नाल्याच्या काठावर, जेथे गुरांच्या पायांनी घसरण पडलेली असते. आमच्या भागातील उतार लांबीने लहान आणि तिरपेपणाने मोठे आहेत.

आता चिखलाकडे वळू. येथे मात्र एटीव्ही आपल्या स्वाराचा सन्मान राखते. मोटारसायकलीच्या टायरातील हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला दोन किलोंच्या आसपास असतो. एटीव्हीच्या फुगीर टायरात तो अर्ध्या किलोहूनही कमी. मऊ टायर जमिनीवर जो दाब देतो, तो त्याच्या हवेच्या दाबाइतकाच ढोबळमानाने धरावयास हरकत नाही. १४० किलोंचा माणूस एका पायावर उभा राहिला तर तळव्याखाली हा दाब सुमारे ०.६५ किलो होतो. म्हणजे जेथे मालकाचा पाय रुततो, तेथे मालकासह गाडी रुतत नाही! ज्याला आपल्या देहाची लाज वाटते, त्याने हे गणित पाठ करून ठेवावे. अट एवढीच की, भार वाढला तर हवा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे थोडी वाढवावी, आणि बैठकीखालच्या स्प्रिंगा घट्ट करून घ्याव्यात. नाहीतर गाडीचे पोट खाली येऊन तेच चिखलाला टेकते.

जमिनीही येथे एकसारख्या नाहीत. खरडी आणि बर्डीवर पाऊस ओसरला की वाट उघडते. मोरंडीत काही वेळ थांबावे लागते. काळ्या कन्हारीत मात्र टायरांच्या खाचा चिकणमातीने भरून चाक गुळगुळीत रूळ बनते, आणि मग मागची दोनच चाके फिरविणारी गाडी जागच्या जागी उकरीत बसते. चारही चाके फिरविणारी घ्यावी. यात काटकसर करू नये.

बऱ्याच एटीव्हींत इंजिनाची शक्ती चाकांकडे रबरी पट्ट्याने जाते. दोन शंकूंच्या कप्प्यांमध्ये हा पट्टा सरकत राहतो, म्हणून गिअर बदलावे लागत नाहीत. जड स्वाराने चढावर किंवा चिखलात 'लो' न लावता केवळ जोर दिला, तर पट्टा घसरतो, तापतो आणि जळतो. रबराचा जळका वास आला की थांबावे. तो पट्टा गडचिरोलीच्या कोणत्याही बाजारात टांगलेला आढळणार नाही. एक जादा पट्टा व तो बदलण्याची हत्यारे जवळ ठेवावी, आणि बदलण्याचे शिक्षण घरीच कोरड्या अंगणात घ्यावे.

पाण्याविषयी एक गैरसमज मोठमोठ्यांत पाहिला. "मी जड आहे, मला प्रवाह काय ढकलणार?" असे ते म्हणतात. चार फुगीर टायर मिळून दोनशे लिटरांहून अधिक पाणी बाजूस सारतात. म्हणजे पाणी चाकांवर आले की दोनशेहून अधिक किलोंचा भार जमिनीवरून उचलला जातो. गाडी तरंगू लागते, चाकांची पकड सुटते, आणि वरचा जड स्वार तिला उलटण्यास मदतच करतो. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी कोणतीही असो, अलीकडे थांबावे.

येथे थोडे दक्षिणेकडे, गडचिरोली जिल्ह्यात जाऊ. हा जिल्हा १९८२ साली चंद्रपुरापासून वेगळा झाला. पर्लकोटा नदीच्या पुराने कित्येक पावसाळ्यांत भामरागडचा जगाशी संबंध तुटला आहे. त्याच बाजूस हेमलकसा येथे १९७३ साली डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आपले काम आरंभिले. त्या मुलखात आजारी माणसाला खाटेवर घालून, खाट खांद्यांवर घेऊन कोसच्या कोस आणल्याचे प्रसंग पुष्कळ घडले आहेत. चार खांद्यांनी पन्नास किलोंचा रोगी आणता येतो. १४० किलोंचा आणावयास आठ माणसे आणि खाटही निराळी लागेल. हे मी कोणास भिववण्यासाठी सांगत नाही. जड माणसाने गाडी निवडताना जाण्यापेक्षा परतण्याचा विचार अधिक करावा, एवढेच माझे म्हणणे आहे. चढविणारी दोरी, म्हणजे विंच, असावी. आपण कोठे जात आहोत हे मागे कोणास सांगितलेले असावे. आणि अंधार पडण्यापूर्वी घर गाठावे. या जंगलांत वाघ आहेत, आणि २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले रानहत्तीही गडचिरोलीत वावरले आहेत. उघड्या गाडीवर बसून त्यांची गाठ घेण्यात शौर्य नाही.

ताडोब्यात स्वतःची एटीव्ही नेऊन वाघ पाहू, असे ज्यांच्या मनात असेल त्यांनी तो बेत सोडून द्यावा. १९५५ सालापासूनचे ते राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे ठरलेल्या वाटांवरून, नोंदलेल्या गाडीतून, मार्गदर्शकासह जावे लागते. सार्वजनिक रस्त्यावरही बहुतेक एटीव्हींची नोंदणी होत नाही. पैसे मोजण्यापूर्वी परिवहन कार्यालयात त्याच नमुन्याचे नाव घेऊन विचारावे. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये.

मग आमच्या स्नेह्यांनी काय केले? माझा सल्ला असा होता की, सव्वाशे किलोंच्या पुढच्या माणसाने मांड टाकून बसावयाच्या गाडीचा मोह शक्यतो आवरावा, आणि दोन माणसे शेजारी-शेजारी बसतात ती रुंद गाडी घ्यावी. तिला 'साइड बाय साइड' म्हणतात. तीत माणूस खुर्चीवर, चाकांच्या मध्ये, अधिक खाली बसतो. सभोवार लोखंडी पिंजरा असतो. भारमर्यादाही पुष्कळ गाड्यांत तीनशे किलोंच्या वर असते. दोष हे की, ती महाग आहे, आणि रुंद असल्यामुळे दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून जात नाही. शिवाय तिचे रक्षण पट्टा बांधला तरच आहे. पहिल्या दुकानात स्नेही बसले तेव्हा सुरक्षापट्टा चार बोटे अपुरा पडला. विक्रेता म्हणाला, "एवढ्याशा अंतराला पट्टा कशाला?" ते उठून बाहेर आले. मला त्यांचा अभिमान वाटला. दुसऱ्या ठिकाणी पट्टा पोचला, गुडघे सुकाणूला लागले नाहीत, आणि मुख्य म्हणजे कोणाच्या मदतीवाचून चढता-उतरता आले. ही परीक्षा दुकानात, पावसाळी बूट घालून, दहा वेळा करावी.

आता ते गावापर्यंत मोटारीने येतात. तेथून त्यांचीच जमीन लागते, आणि ती गाडी तेथे छपराखाली असते. गतवर्षी रोवणीला ते बांध्यांच्या काठापर्यंत गेले. पुढे धुरा अरुंद, म्हणून उतरून चालू लागले, आणि दहाव्या पावलाला पाय गुडघ्यापर्यंत रुतला. तेच दोन गडी हात द्यावयास आले. या खेपेस सगळ्यांत आधी हसले ते मालक, आणि चिखलात उभ्या उभ्याच त्यांनी गड्यांना ०.६५ चा हिशेब समजावून सांगावयास आरंभ केला.