शॅकल पिनचं पोलाद : बाहेर कडक, आत चिवट

खामगावची चांदी सगळ्या विदर्भाला माहीत आहे. इथला कारागीर चांदी तापवून पाण्यात बुडवतो तेव्हा ती मऊ होते आणि पुन्हा ठोकण्याजोगी बनते. त्याच गावातला लोहार वखराची पास लाल करून पाण्यात घालतो तेव्हा ती कडक होते. आग तीच, पाणीही तेच. फरक धातूच्या पोटात आहे, आणि जुन्या गाड्यांच्या पिनांबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच सुरू होतो: ‘लाल करून पाणी दिलं की कुठलंही लोखंड कडक होतं.’

केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. कागदाची सोय झाली, सुट्या भागांची नाही. मग जुन्या जीपची किंवा मोटारीची कमानपाट्याची शॅकल पिन झिजली की हाताशी असेल त्या सळईतून लेथवर नवी काढली जाते, भट्टीत लाल करून तेलात बुडवली जाते आणि गाडीला चढते. ही पिन चाक आणि चासी यांच्यामधला दुवा आहे. ती तुटली तर पाटा सुटतो, ॲक्सल जागेवरून सरकतो आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. म्हणून हा विषय ‘चालतंय की’ म्हणून सोडण्याचा नाही.

पोलाद कडक होतं ते कार्बनमुळे. तापलेल्या पोलादात कार्बन विरघळतो; झटकन थंड केलं की त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि तो आत अडकून पोलादाची रचना ताणून धरतो. बाजारात सहज मिळणाऱ्या एमएसमध्ये, म्हणजे माइल्ड स्टीलमध्ये, कार्बन साधारण ०.१५ ते ०.२५ टक्के असतो. एवढ्यावर पाणी देऊन कामापुरता कडकपणा येत नाही. ईएन ८ या ग्रेडच्या पोलादात तो सुमारे ०.४ टक्के असतो, तिथे फरक पडतो, पण तापमान ८३० ते ८६० अंश सेल्सिअस लागतं. ‘चुंबक चिकटेना झालं की तापलं’ ही खूण अर्धवट आहे. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांच्या आसपासच जातं. त्यापुढे अजून चढावं लागतं.

इथून माणूस दुसऱ्या टोकाला जातो. कार्बन हवा ना, मग जुना कमानपाटा किंवा भंगारातला ॲक्सल घ्या, ‘कंपनीचं पोलाद आहे’. कमानपाट्याच्या पोलादात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के असतो. ते पूर्ण कडक केलं तर पिन झिजणार नाही हे खरं, पण खड्ड्यात आदळल्यावर ती वाकण्याऐवजी मोडेल. भंगारातल्या ॲक्सलने हजारो किलोमीटर पीळ सोसलेला असतो. त्यातली केसाएवढी भेग डोळ्यांना दिसत नाही आणि त्याचं नेमकं पोलाद कोणतं हेही कळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: भंगारातून पिन करू नये.

पिनचं काम दुहेरी आहे. बुशमध्ये, म्हणजे ती जिच्यात बसते त्या नळीत, ती दर हादऱ्याला थोडी थोडी फिरते, म्हणून पृष्ठभाग कडक हवा. धक्के अंगावर घेते, म्हणून गाभा चिवट हवा. हे साधायचं तर मुळात कमी कार्बनचं मिश्र पोलाद घ्यायचं, ईएन ३५३ किंवा २० एमएनसीआर ५, आणि कार्बन फक्त कातडीत भरायचा. याला कारखान्यात केस हार्डनिंग म्हणतात. ९०० ते ९३० अंशांवर कार्बनयुक्त वातावरणात पिन काही तास ठेवतात. एक मिलिमीटर खोलीसाठी साधारण तीन-चार तास धरावेत. मग तेलात थंड करून ठिसूळपणा कमी करण्यासाठी १५० ते २०० अंशांवर पुन्हा तापवतात, म्हणजे टेम्परिंग. पृष्ठभाग रॉकवेल सी मापावर ५८ ते ६२ येतो, गाभा बराच मऊ राहतो. फायदा झिजेपुरता नाही. या प्रक्रियेत कातडीवर दाबाचा ताण राहतो आणि थकव्याची भेग उघडायला अडथळा होतो. चांगल्या ईएन ८वर किंवा ईएन १९वर इंडक्शन हार्डनिंग (विजेने फक्त पृष्ठभाग तापवून कडक करणं) हाही प्रामाणिक पर्याय आहे.

लोहाराच्या भट्टीत कोळशाच्या पुडीत पिन पाचदहा मिनिटं तापवून केस हार्डनिंग होत नाही. जी पातळ कातडी तयार होते ती नंतरच्या ग्राइंडिंगमध्येच उडून जाते. सायनाइडचं मीठ वापरायचा जुना सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आम्लाचा संपर्क आला तर त्यातून जीवघेणा वायू सुटतो.

टर्नरला दोन गोष्टी आधीच सांगायच्या. एक, ग्राइंडिंगसाठी व्यासावर ०.२ ते ०.३ मिलिमीटर राखून ठेवायचे, कारण उष्णतेत पिन किंचित वाकते. दुसरी जास्त महत्त्वाची: आटे कडक होऊ द्यायचे नाहीत. ठिसूळ आटे नट आवळतानाच भेगाळतात. त्या भागावर संरक्षक लेप लावतात, किंवा तिथे जादा जाडी ठेवून कार्बन भरल्यावर, पण तेलात बुडवण्याआधी, ती कातडी लेथवर काढून टाकतात. ग्रीसच्या भोकाची धारही गोल करायची. भेग बहुधा अशाच कोपऱ्यातून निघते.

झिजलेल्या पिनवर वेल्डिंग चढवून पुन्हा घासणं मात्र सरळ टाळावं. वेल्डच्या कडेला पोलाद कुठे ठिसूळ, कुठे मऊ होतं.

‘कडक पिन कमी लवते’ हाही समज चुकीचा आहे. साधं असो की कडक, पोलादाचा लवचीकतेचा गुणांक २००-२१० गिगापास्कलच राहतो. कडक पिन जास्त भार सोसून पुन्हा सरळ होते, एवढंच. आणि ‘पिन कडक, बुश पितळी, म्हणजे झिजेल ते बुशच’ हा हिशेब आपल्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर उलटतो. धुळीतले खडे मऊ बुशमध्ये रुतून बसतात आणि कडक पिनलाच घासत राहतात. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत ग्रीस भरणं हाच त्यावर उपाय. रबरी बुश असेल तर तिथे रबर पिळतं, पिन फिरतच नाही. तिची कातडी कडक करण्याची गरज नाही, ताकदीचं पोलाद पुरे.

पिन तयार झाली की नव्या कानशीने कडेला घासून बघा. कानस चावत असेल तर कातडी कडक झालेली नाही. आकडा हवा असेल तर तंत्रनिकेतनाच्या मटेरियल प्रयोगशाळेत रॉकवेल यंत्र असतं, तिथे विचारा. पोलाद दुकानातून ग्रेडच्या प्रमाणपत्रासह घ्या, हीट ट्रीटमेंट भट्टीवाल्याकडूनच करून घ्या, आणि कातडीची खोली व कडकपणा त्याच्याकडून लेखी मागा.