पत्रमैत्री : दूरच्या मित्राची ओढ व शिक्षकाचे कर्तव्य

वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाच्या मनाला गावाची वेस अपुरी वाटू लागते. एस. टी. ची गाडी वळणाआड गेली म्हणजे ती पुढे कोठे जाते, समुद्रापलीकडे आपल्याएवढी मुले या वेळी काय करीत असतील, असे प्रश्न त्याला पडतात. ज्याला कधी पाहिले नाही असा एखादा मित्र आपणांस असावा, ही इच्छा या वयात स्वाभाविक होय. पोरकट कल्पना म्हणून तिच्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. वस्तुतः भूगोल, भाषा व नागरिकत्व या तिन्हींच्या अध्यापनास इतका जिवंत आधार क्वचितच मिळतो. या ओढीस वळण देण्याचे साधन म्हणजे पत्रमैत्री. या साधनाचे सामर्थ्य व त्यातील जबाबदारी पुढील उदाहरणावरून ध्यानात येईल.

अमेरिकेच्या आयोवा राज्यात डॅनव्हिल नावाचे लहानसे गाव आहे. तेथील शिक्षिका बर्डी मॅथ्यूज यांनी १९४० साली आपल्या विद्यार्थ्यांना परदेशी मुलांच्या नावांची यादी दिली. जुआनिटा वॅग्नर या दहा वर्षांच्या मुलीने तीतून हॉलंडमधील अ‍ॅमस्टरडॅम शहरातील एका मुलीचे नाव निवडले. ते नाव होते अ‍ॅन फ्रँक. जुआनिटाने आपले घर व शेत आणि थोरली बहीण बेटी यांविषयी लिहिले. अ‍ॅनने २९ एप्रिल १९४० रोजी उत्तर लिहिले. तिची बहीण मार्गोट हिनेही बेटीला पत्र लिहिले. अ‍ॅनने आपल्या शाळेविषयी व चित्रपत्रे जमविण्याच्या छंदाविषयी सांगितले, शहराचे एक चित्रपत्र पाठविले, आणि जुआनिटाच्या गावाजवळचे बर्लिंग्टन हे शहर आपण नकाशावर शोधून काढल्याचेही कळविले. शिक्षकाने न सांगता दहा वर्षांची मुलगी नकाशा उघडते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मार्गोट चौदा वर्षांची होती. आपला देश लहान असून जर्मनीची सीमा लागून असल्यामुळे सुरक्षित वाटत नाही, असे तिने लिहिले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १० मे १९४० रोजी, जर्मनीने हॉलंडवर आक्रमण केले. डॅनव्हिलच्या मुलींनी पुन्हा पत्रे पाठविली. उत्तर आले नाही. युद्ध संपल्यावर बेटीने त्याच पत्त्यावर चौकशी केली, तेव्हा मुलींचे वडील ओटो फ्रँक यांचे सविस्तर पत्र आले. ज्यू असल्यामुळे त्या कुटुंबाला १९४२ पासून लपून राहावे लागले होते. १९४४ साली सर्वजण पकडले गेले आणि १९४५ च्या आरंभी दोघी बहिणी बेर्गेन-बेल्झेनच्या छळछावणीत मरण पावल्या. आपल्या मैत्रिणी ज्यू होत्या, हेही तोवर डॅनव्हिलच्या बहिणींस ठाऊक नव्हते. एका पत्राने अ‍ॅनचा जीव वाचला नाही, हे खरे. परंतु लाखोंच्या संहाराची वार्ता जेव्हा आली, तेव्हा आयोवातील दोन मुलींच्या दृष्टीने त्या लाखोंपैकी दोघींना नाव होते, हस्ताक्षर होते. एका ग्रामीण शिक्षिकेने दिलेल्या यादीचे हे फळ होय.

मुलांच्या पत्रांस उत्तर मिळाल्याचे एक उदाहरण आपल्या देशाशीही निगडित आहे. युद्धकाळात, १९४३ साली, टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातील हत्ती अधिकाऱ्यांच्या आदेशाने मारले गेले. युद्धानंतर तेथील मुलांनी पंडित नेहरूंना पत्रे लिहून एक हत्ती मागितला. सप्टेंबर १९४९ मध्ये भारतातून एक हत्तीण टोकियोस पोहोचली. आपल्या कन्येवरून पंडितजींनी तिचे नाव इंदिरा ठेवले होते. ती १९८३ पर्यंत जगली आणि टोकियोच्या मुलांना भारत हा देश प्रथम तिच्यामुळे जवळचा वाटला.

हा व्यवहार शक्य होतो तो टपालाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेमुळे. १८७४ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे झालेल्या करारान्वये सदस्य देशांनी टपालापुरता आपला सर्व प्रदेश एकच मानला. १८७६ साली भारत या संघटनेत आला. जागतिक टपाल संघटना १९७१ पासून मुलांसाठी पत्रलेखनाची स्पर्धाही भरविते. टपाल खात्याकडे तिची चौकशी शिक्षकांनी अवश्य करावी.

आता प्रत्यक्ष कार्याविषयी. आरंभ परदेशापासून करण्याचे कारण नाही. कोकणातील मुलाने भरती-ओहोटीविषयी लिहावे व विदर्भातील मुलाने संत्र्यांच्या बागेविषयी. दोघांसही एकमेकांचा मुलूख तितकाच दूर आहे. पुढे मॉरिशससारख्या देशाकडे वळता येईल. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून तेथे गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तेथे राहतात आणि तेथील प्राथमिक शाळांत मराठी शिकण्याची सोय आहे. भाषेची अडचण तेथे आड येणार नाही.

पत्र फळ्यावर लिहून सर्वांकडून उतरवून घेऊ नये. तीस मुलांची एकसारखी तीस पत्रे ज्याला मिळतात, त्याला मित्र एकही मिळत नाही. मुलाने आपल्या घरची, ओढ्याची, गोठ्यातील वासराची हकीकत स्वतःच्या शब्दांत लिहावी. ज्याने ओढा पाहिलेला नाही त्याला तो समजावून सांगताना भाषेचा खरा कस लागतो. प्रत्येक पत्रात निदान एक प्रश्न असावा, म्हणजे उत्तराला जागा राहते. शुद्धलेखन शिक्षकाने सुधारावे, पण मुलाचा प्रश्न बदलू नये.

काळजीही घ्यावयास हवी. पत्रव्यवहार शाळेच्या पत्त्यावर व पालकांच्या संमतीने व्हावा. मुलाचा घरचा पत्ता, छायाचित्र किंवा दूरध्वनी क्रमांक अनोळखी व्यक्तीकडे जाऊ नये. आज संदेश क्षणात पोहोचतात, म्हणून ही सावधगिरी पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाली आहे. पत्राची वाट पाहण्यात मात्र मुलाला जो संयम शिकावयास मिळतो, तो क्षणात येणाऱ्या संदेशात नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उत्तर. पत्र टाकल्यानंतर मूल रोज पोस्टमनची वाट पाहते. महिनोन्‌महिने काहीच आले नाही, तर जगाला आपले काही ऐकावयाचे नाही, असा ग्रह त्याच्या कोवळ्या मनात होतो व तो सहसा जात नाही. म्हणून शिक्षकाने गेलेल्या व आलेल्या पत्रांची नोंदवही ठेवावी, विलंब झाल्यास दुसऱ्या शाळेच्या शिक्षकास स्वतः लिहावे आणि आपल्या वर्गात आलेले कोणतेही पत्र अनुत्तरित राहू देऊ नये. ज्या वर्गाला हे नित्यनेमाने करणे शक्य नाही, त्याने थोडीच पत्रे पाठवावीत; परंतु पाठविली तितकी शेवटपर्यंत सांभाळावीत.